पिकअपचे नाक वर करताना

अमेरिकेतील बहुतेक नव्या पिकअप गाड्या रिकाम्या उभ्या असताना बाजूने पाहिल्या, तर त्यांचा मागचा भाग पुढच्यापेक्षा एक ते तीन इंचांनी उंच दिसतो. हा बांधणीतील दोष नव्हे. हौद्यात माल भरला अथवा मागे ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी मागून खाली बसते. त्या वेळी ती समतल राहावी, म्हणून कारखान्यातच तिला पुढे झुकता उतार दिलेला असतो. रिकाम्या गाडीवर हा उतार अनेक मालकांच्या डोळ्यांना खुपतो. शिवाय पुढे मोठे टायर बसवायचे, तर चाकावरील कमानीत जागा अपुरी पडते. या दोन गरजांपोटी गाडीची पुढची बाजू उचलणारे 'लेव्हलिंग किट' तिकडे सर्रास विकले जाते. हौसेखातर फिरवल्या जाणाऱ्या गाडीत त्याने फारसे बिघडत नाही. बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा बांधकामाची यंत्रे ओढणाऱ्या गाडीचे गणित मात्र निराळे आहे.

किटचे स्वरूप गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनवर अवलंबून असते. फोर्ड एफ-१५० या गाडीत २००४ च्या मॉडेलपासून पुढे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट आहे. तेथे स्ट्रटच्या माथ्यावर धातूची चकती बसवतात. स्ट्रटचे खालचे टोक चाकापासून बरेच आत, आडव्या भुजेवर टेकलेले असल्याने एक इंच जाडीच्या चकतीने गाडी सुमारे दोन इंच उचलली जाते. दोन इंचांचे किट मागवून हाती एक इंचाची चकती पडली, तर फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही! शेव्हरोले सिल्व्हराडोच्या २५०० व त्यावरील अवजड मालिकेत पुढे गुंडाळी स्प्रिंग नसून पीळ देऊन ताण धरणारी पोलादी दांडी असते. तिच्या मागच्या टोकाची खाचदार किल्ली बदलून उंची वाढवतात. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० मध्ये पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो. तेथे स्प्रिंगखाली किंवा स्प्रिंगवर बसणारा ठोकळा पुरतो, आणि हे काम त्यातल्या त्यात सोपे.

ओझे जोडल्यावर काय घडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २,५०० किलोच्या ट्रेलरचा साधारणतः १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागील जोडगोळ्यावर येतो. तो ३०० किलो धरू. गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधील अंतर ३.६ मीटर आणि गोळा मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, ४०० किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल १०० किलोंनी हलका होतो. स्टिअरिंगचे सारे काम आणि ब्रेकचे बरेचसे काम पुढची चाके करतात, त्यांच्यावरचाच भार घटतो. हा भार किटमुळे घटत नाही, असे विक्रेते सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु पुढचे सस्पेन्शन भार कमी होताच आणखी खाली लोंबते. किटने ते आधीच खाली ढकललेले असल्याने बॉल जॉइंट आणि चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट आपल्या कोनाच्या मर्यादेजवळ पोचतात. त्यांची झीज मग लवकर होते.

दुसरा परिणाम समोरून येणाऱ्याला सोसावा लागतो. ३.६ मीटर लांबीवर पुढची बाजू दोन इंचांनी उचलली, की गाडी सुमारे ०.८ अंशांनी कलते. २५ मीटर अंतरावर दिव्याचा झोत त्यामुळे ३५ सेंटिमीटरने वर जातो. त्यात ट्रेलरने मागची बाजू दबली, तर साधा झोतही समोरच्या चालकाचे डोळे दिपवतो. मुद्दाम नाक वर आणि शेपूट खाली ठेवण्याची टूम निघाली, तेव्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये तिला कायद्याने आवर घातला. तेथे सस्पेन्शन वा चॅसिसमध्ये फेरफार करून पुढची कमान मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवता येत नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. परदेशातील चित्रफिती पाहून येथील गाडीवर प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

ओझे ओढणाऱ्या गाडीला किट लावायचेच असेल, तर खरेदीपूर्वी मापे घ्यावीत. सपाट जागी चाकाच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजावे. एकदा गाडी रिकामी असताना आणि एकदा नेहमीचा ट्रेलर भरून जोडलेला असताना. दुसरे माप घेण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, वस्तुतः निर्णय त्यावरच व्हायला हवा. उतार अडीच इंचांचा असेल, तर एक ते दीड इंच उचलून बाकीचा शिल्लक ठेवणे शहाणपणाचे. मागे हवेच्या पिशव्या बसवून गाडी समतल करता येते. मात्र दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर छापलेली भारमर्यादा त्याने तसूभरही वाढत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलचा गेलेला भार परत आणण्याचे काम भार वाटून देणाऱ्या जोडणीचे आहे. किट बसल्यावर गोळा पाऊण इंचाच्या आसपास खाली येतो, म्हणून तिचीही जुळणी नव्याने करावी लागते.

प्रत्यक्ष बसवताना गाडी जॅकवर न ठेवता चॅसिसखाली भक्कम आधार द्यावा. सुटी केलेली चाकाची जुळणी ब्रेकच्या नळीवर किंवा एबीएसच्या तारेवर लोंबू देऊ नये. स्प्रिंग दाबून उघडावी लागणारा किंवा पीळदांडीचा प्रकार असेल, तर त्यांसाठीची खास अवजारे नसताना कामाला हात घालू नये. साठलेला ताण एकदम सुटल्यास जीवावर बेतते. रबरी बुश असलेले बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यानंतरच अखेरचे आवळायचे, एरवी रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार त्याचीही जुळणी तपासून घ्यावी. दिवे मात्र ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत, भिंतीवर झोत पाडून बसवावेत आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर सारे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.