खिडकीच्या मापाचा पडदा

गोव्यातल्या जुन्या घरांविषयी आपण नेहमी भरभरून बोलतो. तुळशीवृंदावन, राजांगण, सोपा, नळ्यांचे छप्पर, सगळ्यांची आठवण काढतो. खिडकीच्या पडद्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. याचे कारण अगदी साधे आहे. आपल्या बहुतेक जुन्या घरांत खिडकीला पडदा नव्हताच.

फोंडा महालातले एखादे जुने हिंदू घर डोळ्यांसमोर आणा. ते घर आत पाहणारे असते. उजेड आणि वारा राजांगणातून येतो, बायकांचा वावर राजांगणाभोवती असतो. बाहेरच्या चिऱ्यांच्या भिंतीतल्या खिडक्या लहान, लाकडी गजांच्या. वाटेने जाणाऱ्याची नजर आत पोहोचत नाही, मग पडदा हवा कशाला?

पडदा आपल्याला माहीत होता तो दुसऱ्याच ठिकाणी. लग्नात वधूवरांमध्ये धरलेला अंतरपाट. देवाला नैवेद्य दाखवताना गाभाऱ्यापुढे ओढला जाणारा पडदा. आणि जत्रेतल्या नाटकाचे रंगवलेले पडदे, म्हणजे दरबार, जंगल, रस्ता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकाचे वेड गोव्याच्या गावागावांत पसरले आणि हे रंगीत पडदे देवळाच्या मांडवात पोहोचले. गंमत अशी की हे सगळे पडदे शेवटी दूर होण्यासाठीच असतात. कायम लटकत राहणारा पडदा ही आपल्याकडे बरीच उशिराची गोष्ट.

ख्रिस्ती घरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असतो आणि खिडक्या मोठ्या, उंच. पण त्यांनाही पडद्याची गरज फारशी भासली नाही, कारण त्यांच्या खिडक्यांना काच नव्हती, शिंपले होते. झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत, एक चपटा, पातळ शिंपला आढळतो. त्याच्या चौकोनी चकत्या कापायच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून बसवायच्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहून गेलेला फ्रेंच प्रवासी पिरार यानेही काचेऐवजी शिंपले लावलेल्या या खिडक्यांची नोंद केली आहे. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये अशा खिडक्या आजही पाहायला मिळतात. तोर्ड्याच्या 'हाऊसेस ऑफ गोवा' या संग्रहालयात तर गोव्याच्या घरबांधणीची सगळी कहाणीच मांडलेली आहे.

या शिंपल्यातून दुधासारखा मऊ उजेड आत येतो. उन्हाची धार बोथट होते, पण बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. म्हणजे खिडकी हाच पडदा! पुढे काच सर्रास मिळू लागली, तेव्हा उजेडाबरोबर ऊन आले आणि उन्हाबरोबर शेजाऱ्याची नजरही आली. नवी घरे बांधताना आपणही राजांगण सोडले आणि रस्त्याकडे मोठ्या खिडक्या काढल्या. पडदा घरात शिरला तो असा.

तो आला तेव्हा त्याची भाषाही मिश्र होती. पडदा हा शब्द फारसी. ज्या खिडकीवर तो टांगायचा तिला आपण कोंकणीत जनेल म्हणतो, ते पोर्तुगीज 'जानेला'. पडदा बांधायची फीत म्हणजे 'फिता', बटणाचे काज म्हणजे 'काझा'. शिवल्यावर फिरणारी इस्त्रीसुद्धा पोर्तुगीजांचीच देणगी मानली जाते. कापड तेवढे आपले, संस्कृत 'कर्पट'.

कापडावरून आठवले. ज्या काळात आपल्या खिडक्यांना पडदे नव्हते, त्या काळात युरोपातल्या श्रीमंतांच्या खिडक्या आणि पलंग भारतीय छिटाने सजत होते. कोरोमंडल आणि गुजरातच्या या फुलाफुलांच्या कापडाने तिथल्या विणकरांचे धाबे दणाणले. फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. पोर्तुगीजांनी तर छिटाचे नावच उचलले. त्यांच्याकडे छापील सुती कापडाला आजही 'शिता' म्हणतात. आपले कापड जगाच्या खिडक्यांवर फडकले, आपल्या खिडकीवर मात्र ते शेवटी आले.

ते आले तेव्हा गावच्या शिंप्याच्या हातून आले. आमच्या घरी येणारा म्हातारा शिंपी मला चांगला आठवतो. तो आधी आजीकडे चहा मागायचा, मग प्रत्येक खिडकीपुढे उभा राहून पाहायचा. टेप होती, पण तो आधी हाताच्या वितीने मोजायचा. कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवायला लावायचा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. रुंदीच्या दुप्पट कापड घ्यायचा, नाहीतर चुण्या पडत नाहीत. आणि खाली चार बोटे जास्त दुमडायचा, "पुढे उसवून वाढवता येईल" म्हणून. प्रत्येक पडद्याच्या आतल्या कोपऱ्यात तो रंगीत दोऱ्याने एक, दोन, तीन असे टाके घालायचा. कोणता पडदा कोणत्या खिडकीचा, हे धुतल्यावर कळावे म्हणून.

त्या टाक्यांचा अर्थ मला अलीकडे समजला. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी आमच्या जुन्या घरासाठी पडदे शिवून घ्यायचे ठरवले. शहरातल्या एका मोठ्या दुकानात कापड निवडले, निम्मी रक्कम आगाऊ भरली. माप घ्यायला त्यांचा मुलगा घरी आला, सोप्यातली एक खिडकी मोजली, "बाकीच्या पण अशाच ना?" म्हणाला. मी म्हटले, नाहीत, प्रत्येक वेगळी आहे. त्याने मान डोलावली आणि निघून गेला.

पडदे चवथ उलटून दहा दिवसांनी आले. पाचही एकाच मापाचे. आमची सगळ्यांत अरुंद खिडकी अडतीस इंचांची आणि सगळ्यांत रुंद त्रेचाळीस. उंचीतही तीन इंचांचा फरक. एका खिडकीवर पडदा खिडकीच्या पट्टीपर्यंत पोहोचेना, दुसरीवर बाकावर लोळू लागला. चुण्या तर नावालाच. पहिल्या धुण्यात कापड आटले आणि सगळेच तोकडे झाले. दुकानात तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळाले, "मॅडम, पडदे बरोबर आहेत, तुमच्या खिडक्या वेड्यावाकड्या आहेत. खिडक्याच बदलून घ्या. ॲल्युमिनियमच्या बसवा, सगळ्या एका मापाच्या."

पैसे गेले त्याचे दुःख आहेच. पण हे वाक्य जास्त लागले. कारण हा सल्ला फक्त मला मिळालेला नाही. आमच्याच वाड्यावर गेल्या काही वर्षांत कितीतरी जुन्या चौकटी निघाल्या आहेत, फणसाच्या, सागाच्या, आणि त्या जळणात गेल्या. बाजारात तयार पडदा पाच फुटी, सात फुटी, नऊ फुटी मिळतो, आणि त्यात बसत नाही ती खिडकी चुकीची ठरते.

पण आमच्या खिडक्या वाकड्या नाहीत. गावच्या थवयाने हाताशी असलेले लाकूड पाहून, चिऱ्याच्या थरांचा अंदाज घेऊन, एकेक चौकट बसवली. देवघराजवळची अरुंद, कारण तिथे मंद उजेड हवा. सोप्यातली रुंद, कारण तिथे माणसे बसतात. मापातला तो फरक म्हणजे त्या घरात राहणाऱ्यांचा विचार आहे. थवयाने तो लाकडात केला, शिंप्याने टाक्यांत लक्षात ठेवला. दोघांनीही घराला स्वतःच्या मापात बसवले नाही.

असो. ज्यांच्या घरी अजून जुन्या खिडक्या आहेत, त्यांना एवढेच सांगणे. पडदे करायचे असतील तर प्रत्येक खिडकी स्वतः मोजा, कागदावर क्रमांक घालून माप लिहा, त्यावर दुकानदाराची सही घ्या आणि कापड आधी भिजवून घ्या. ज्यांच्याकडे शिंपल्याची एखादी झडप उरली असेल, त्यांनी ती काढू नये. तिला पडदा लागत नाही. आणि कोणी म्हणालेच की खिडकी बदला, तर आधी शिंपी बदलून पाहा.