'गंधर्वची परीक्षा' म्हणजे नेमकी कोणाची?

परवा भाचीचा गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरत होतो. शेजारचे काका म्हणाले, "गंधर्वची ना? म्हणजे बालगंधर्वांची!" खरं सांगतो, मीही इतकी वर्षं तसंच समजत होतो. म्हणून जरा शोधलं.

बालगंधर्वांची ती गंधर्व नाटक मंडळी. 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत काढलेली. तिचा परीक्षेशी काही संबंध नाही.

परीक्षेचं मूळ गांधर्व महाविद्यालयात. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, लहानपणी फटाक्यानं दृष्टी अधू झालेला माणूस. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला हे विद्यालय काढलं, तेही राजाच्या नाही तर लोकांच्या पैशावर. गाणं दरबारातून काढून सामान्य घरातल्या पोरांपर्यंत नेलं. 1908 मध्ये मुंबईत तेच नाव लागलं. पण इमारतीचं कर्ज फिटलं नाही आणि ती वास्तू हातची गेली.

1931 मध्ये पलुस्कर गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आपली पोरं प्रारंभिकपासून विशारदपर्यंत ज्या परीक्षा देतात, त्या या मंडळाच्या.

आता खरी गंमत बघा. पलुस्करांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन काही वर्षं बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गायक-नट होते. ती सोडून त्यांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे एकच माणूस 'गंधर्व'मधून निघून 'गांधर्व'मध्ये आला! फरक फक्त एका कान्याचा. पुढे 1939 मध्ये विनयचंद्र मौद्गल्यांनी दिल्लीत त्याच नावाचं विद्यालय सुरू केलं.

नाव एक, पण घरं वेगळी, कष्ट वेगळे. नाव मोठं झालं की त्यामागची माणसं विसरली जातात. गंधर्व म्हटलं की बालगंधर्व आठवतात, लाहोरचे पलुस्कर आठवत नाहीत.

आपल्याकडेही तेच होतं. एकाच संताच्या नावाची भजनी मंडळं गावोगाव आहेत. पखवाज कुणी शिकवला, पहिले टाळ कुणी आणले, हे कुठंच लिहिलेलं नसतं. 2017 चा शेतकरी संप आपल्या पुणतांब्यातून उठला. त्यातलीही किती नावं आज पोरांना सांगता येतील?

तेव्हा विनंती एकच. आपापल्या भजनी मंडळाचं नाव, सुरू झाल्याचं साल आणि पहिला विणेकरी खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. उद्यावर ढकलू नका.