पदार्थविज्ञान : पाठांतराचे की हाताचे?

आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना तरफ प्रथम भेटली ती पहारीच्या रूपाने. तिची व्याख्या फार पुढे, रात्री पुस्तक उघडल्यावर. आमच्या मुलांचे उलटे झाले. व्याख्या तोंडपाठ, पण पहारीला हात नाही!

१९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः पदार्थवैज्ञानिक. पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, शिक्षणाला कार्यानुभवाची जोड असावी, असे आयोगाने १९६६ साली सांगितले. विषय सक्तीचा झाला. प्रयोग मात्र कित्येक शाळांत फळ्यावरच राहिला.

मग दुसरा मार्ग नव्हताच काय? होता. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून सहावी ते आठवीची मुले स्वस्त साहित्याने स्वतः प्रयोग करू लागली. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी हातभार लावला. कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला. २००२ साली सरकारने तो बंद केला.

श्रीमंताचे मूल घरीही यंत्र उघडून पाहील. गरिबाच्या मुलाला प्रयोगशाळा एकच, ती शाळेतली. तिचे कुलूप रोज उघडते की नाही, हे विचारायला आपण सर्वांनीच जायला हवे.