तीन अंडीं आणि पस्तीस पौंड दगड

१९१३ सालची गोष्ट. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांत सृष्टिविज्ञानाचें जें प्रख्यात संग्रहालय आहे, तेथें एक तरुण गृहस्थ येऊन उभा राहिला. ‘सम्राट’ जातीच्या पेंग्विन पक्ष्याचीं तीन अंडीं त्यानें आणलीं होतीं. तीं मिळविण्यासाठीं तिघांनीं आपले प्राण पणाला लावले होते आणि त्यांपैकीं दोघे आतां या जगांत नव्हते. अंडीं घेणाऱ्यानें तीं एखाद्या किरकोळ जिनसेप्रमाणें ताब्यांत घेतलीं आणि पावतीसाठीं त्या गृहस्थास बाहेर ताटकळत बसावें लागलें, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे.

या तरुणाचें नांव ॲप्सली चेरी-गॅरार्ड. नऊ वर्षांनीं, १९२२ सालीं, त्यानें सगळी हकीगत दोन खंडांच्या एका ग्रंथांत प्रसिद्ध केली. ‘दि वर्स्ट जर्नी इन दि वर्ल्ड’, म्हणजे जगांतील सर्वांत भयंकर प्रवास, हें त्या ग्रंथाचें नांव. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाहून परततांना मरण पावला, त्या प्रवासास उद्देशून हें नांव असावें, अशी पुष्कळांची समजूत होते. पण हें नांव आहे तें अंड्यांच्या प्रवासाचें. ध्रुवप्रदेश म्हणजे जगाबाहेरचा मुलूख आणि तेथील साहस म्हणजे कांहीं हट्टी माणसांचा खेळ, असें ज्यास वाटत असेल त्यानें हा ग्रंथ अवश्य वाचावा. त्या निर्जन प्रदेशाचे धागे केवढ्या दूरवर पोंचले आहेत, हें मग त्याच्या ध्यानांत येईल. त्यांतील एक धागा तर थेट नागपुरापर्यंत येतो.

स्कॉटची मोहीम ‘टेरा नोव्हा’ जहाजानें १९१० सालीं निघाली. चेरी-गॅरार्ड त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता. शास्त्राची पदवी त्याच्याजवळ नव्हती. दृष्टि इतकी अधू कीं, चष्म्याशिवाय त्यास फारसें दिसत नसे. मोहिमेच्या फंडास त्यानें एक हजार पौंड दिले होते. पण त्याची निवड झाली ती मुख्यतः डॉ. एडवर्ड विल्सन यांच्या शब्दावरून. विल्सन हे मोहिमेंतील शास्त्रज्ञांचे प्रमुख. सम्राट पेंग्विन भर हिंवाळ्यांत अंडीं घालतो, हें त्यांनीं आधींच्या मोहिमेंतील निरीक्षणावरून ताडलें होतें. गर्भाच्या वाढींत त्या जातीच्या पूर्वजांचा इतिहास पुन्हा उमटतो, असें त्या काळीं अनेक शास्त्रज्ञ मानीत. पेंग्विन हा अतिप्राचीन पक्षी. त्याचा गर्भ पाहावयास मिळाला तर पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे झाले आणि खवल्यांचीं पिसें कशीं बनलीं, हें कोडें उलगडेल, अशी विल्सन यांस आशा होती.

म्हणून २७ जून १९११ रोजीं, म्हणजे तेथील ऐन हिंवाळ्यांत, विल्सन, बोवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप एव्हान्सहून केप क्रोझियरकडे निघाले. अंतर सुमारे ६७ मैल. सूर्याचें दर्शन नाहीं, दिवस आणि रात्र सारखींच काळीं. जड स्लेज गाड्या माणसांनींच ओढावयाच्या. थंडी शून्याखालीं ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरली. अंगावरचे कपडे चिलखतासारखे कडक होत. श्वासाच्या ओलाव्यानें झोंपण्याच्या पिशव्यांत बर्फ साठून त्यांचें वजन दुपटीहून अधिक झालें. दांत इतके वाजत कीं, चेरी-गॅरार्डच्या दांतांचे तुकडे पडले. क्रोझियरला पोंचल्यावर त्यांनीं पांच अंडीं मिळविलीं. दोन वाटेंत फुटलीं. मग वादळ उठलें. त्यानें तंबू उडवून नेला, दगडांच्या झोंपडीवरील कापडी छप्पर फाडलें, आणि हे तिघे बर्फाखालीं गाडल्यासारखे पडून भजनें गात राहिले. तंबू गेला म्हणजे परत जाण्याची आशा गेली. वादळ ओसरल्यावर तो खालच्या उतारावर सांपडला. पांच आठवड्यांनीं तिघे परत आले. या सबंध काळांत एकानेंही दुसऱ्यास कठोर शब्द उच्चारला नाहीं, याचें चेरी-गॅरार्डला जन्मभर कौतुक वाटत राहिलें.

पुढील शोकांतिका सर्वविश्रुत आहे. १७ जानेवारी १९१२ रोजीं स्कॉट, विल्सन, बोवर्स, ओट्स आणि एव्हान्स ध्रुवावर पोंचले. पण नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबरलाच तेथें येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर पांचही जण मृत्यु पावले. यांपैकीं बोवर्स हा, मुंबईस जिचें मुख्य ठाणें होतें त्या रॉयल इंडियन मरीनमधील अधिकारी. पुढें शोधासाठीं जें पथक निघालें त्याच्याबरोबर हिंदुस्थान सरकारनें पाठविलेलीं, सिमल्यास तयार केलेलीं सात खेंचरें होतीं. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खानसाहेब अशीं त्यांचीं नांवें. सिमल्याचीं हीं जनावरें दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर ओझीं वाहत चाललीं होतीं!

१२ नोव्हेंबर १९१२ रोजीं त्या पथकास तंबू सांपडला. आंत स्कॉट, विल्सन आणि बोवर्स यांचे देह होते. पुढचें अन्नाचें कोठार तेथून अवघें ११ मैल. मार्चच्या आरंभीं त्याच कोठारापाशीं चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या गाड्या घेऊन त्यांची वाट पाहत थांबला होता. आपण आणखी पुढें गेलों असतों तर, हा प्रश्न त्यास मरेपर्यंत छळीत राहिला.

मृतांच्या सामानांत ३५ पौंड वजनाचे दगड निघाले. ते त्यांनीं फेब्रुवारींत बिअर्डमोर हिमनदीच्या कांठीं, कोळशाचे थर असलेल्या कड्यांतून गोळा केले होते. पायांस हिमदंश झाला, अन्न संपत आलें, तरीहि हें ओझें त्यांनीं टाकलें नाहीं. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनीं ते दगड तपासले. १९१४ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, त्यांवर उमटलेलीं जिभेच्या आकाराचीं पानें ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’ या लुप्त वृक्षाचीं आहेत.

त्या नांवांतच हिंदुस्थान आहे. नागपुरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं त्या परिसरांतील खडकांतून अशींच पानें जमविलीं होतीं आणि बनबरी यांनीं १८६१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. वर्धा नदीच्या खोऱ्यांत बल्लारपूरकडे निघणारा कोळसा त्याच प्राचीन अरण्यांचा. गोंडांच्या प्रदेशावरूनच भूगर्भशास्त्रज्ञांनीं या खडकांना ‘गोंडवन’ हें नांव दिलें. तेंच पुढें दक्षिणेकडील सबंध प्राचीन खंडाचें नांव झालें. विदर्भांतील झाडाचें पान बर्फाच्या राज्यांत मिळतें, याचा अर्थ काय? ज्या काळीं तें झाड वाढलें, त्या काळीं या दोन्ही भूमि एकमेकींस जोडलेल्या होत्या.

योगायोग असा कीं, स्कॉट ध्रुवावर पोंचला त्याच महिन्यांत जर्मनींत आल्फ्रेड वेगेनर यांनीं खंडें सरकतात ही कल्पना प्रथम जाहीर व्याख्यानांत मांडली. ते स्वतः ग्रीनलंडच्या बर्फांत काम करणारे, आणि १९३० सालीं तेथेंच मृत्यु पावलेले. त्यांची कल्पना बहुतेकांनीं झिडकारली. १९६० नंतर सागरतळाच्या संशोधनानें ती खरी ठरली. ग्लॉसॉप्टेरिसचीं पानें हा तिच्या प्रमुख पुराव्यांपैकीं एक होता.

आणि तीं तीन अंडीं? त्यांचा अहवाल १९३४ सालीं निघाला. तोंपर्यंत ज्या सिद्धांतासाठीं तीं आणलीं तोच मागें पडला होता; ज्ञानांत त्यांनीं फारशी भर घातली नाहीं असें ठरलें. ज्यांच्यासाठीं हिंवाळ्याशीं झुंज दिली तीं निष्फळ झालीं, आणि परतीच्या वाटेवर उचललेल्या दगडांनीं पृथ्वीचा इतिहास बदलण्यास हातभार लावला. ओझें ओढणाऱ्यांस हा निवाडा आधीं कसा कळावा?

चेरी-गॅरार्डनें ग्रंथ लिहिला तो महायुद्धानंतर. त्या युद्धांत तो स्वतः फ्लँडर्समध्यें चिलखती मोटारींच्या तुकडीवर होता व आजारी होऊन परतला. जहाजावरचा सोबती रेनिक १९१४ सालीं व पेनेल १९१६ सालीं समुद्रावर युद्धांत कामास आला. लाखों तरुण चिखलांत कशासाठीं मेले, असें सारें युरोप विचारीत असतां त्यास विल्सन आणि बोवर्स आठवत होते. शेजारीं राहणाऱ्या बर्नार्ड शॉ यांनीं त्यास लिहिण्यास उत्तेजन दिलें. समितीस अधिकृत वृत्तांत हवा होता. त्यानें मात्र चुकांसह आणि आपल्या पश्चात्तापासह सगळें मोकळेपणानें सांगितलें. १९५९ सालीं तो वारला. जगाच्या टोंकावर कोण पहिला पोंचला, याच्या चर्चेंत त्या ग्रंथाला फारसें स्वारस्य नाहीं. अंगीं त्राण नसतांही ज्यांनीं दगड टाकून दिले नाहींत आणि सोबत्यास दुखविलें नाहीं, त्यांची तो कृतज्ञ आठवण आहे.