ओमर रॅम्सडेन यांचे रौप्यकाम

ओमर रॅम्सडेन (१८७३–१९३९) हे इंग्लंडमधल्या शेफिल्डचे रौप्यकार. सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेल्या या शहरातल्या कलाशाळेत त्यांची गाठ ऑल्विन कार यांच्याशी पडली. पुढे दोघांनी लंडनमध्ये एकत्र कारखाना काढला. शेफिल्डच्या महापौरांपुढे मिरवायचा मानदंड हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम.

त्यांच्या भांड्यांत आधी नजरेत भरतो तो पृष्ठभाग. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीला यंत्राची गुळगुळीत सफाई नको होती, म्हणून हातोडीचे ठोके घासून न काढता तसेच राखलेले, पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामासारखे. मधेच मीनाकारीचा एखादा गडद ठिपका. जुन्या धाटणीच्या लाकडी वाडग्यांना ते चांदीचा रुंद काठ बसवत. अशा वस्तू मानाची भेट किंवा स्मृतिचिन्ह म्हणून दिल्या जात, आणि त्यामागचा प्रसंग कोरीव अक्षरांत नोंदवलेला असे. ही अक्षरे नक्षीइतकीच देखणी आहेत; छायाचित्रात ती नीट उमटत नाहीत.

पुष्कळ वस्तूंवर ‘ओमर रॅम्सडेनने मला घडवले’ अशा अर्थाची लॅटिन ओळ आढळते. ती शब्दशः घेऊ नये. १९१९ मध्ये भागीदारी संपल्यावर कारखाना रॅम्सडेन यांच्या एकट्याच्या नावाने चालला, पण घडाई, कोरीवकाम आणि मीनाकारी करणारे हात अनेक होते. कारागिराला मान मिळावा म्हणून झटणाऱ्या चळवळीत त्या हातांची नावे वस्तूंवर नसावीत, हे खटकते. कार यांनीही पुढे स्वतंत्रपणे रौप्यकाम केले.