पाटणची हवेली

पाटण आणि हवेली ही दोन्ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. एक साताऱ्याकडील कोयनाकाठचा तालुका, दुसरा पुण्याला वेढून असलेला. जबलपूरच्या पश्चिमेस ही नावे एकत्र येतात. तेथे पाटण ही तहसील आहे आणि पाटणपासून सिहोऱ्याकडे पसरलेल्या सुपीक मुलखाला हवेली म्हणतात. मुसलमानी अमलात ठाण्याच्या आसपासच्या, थेट सरकारी वसुलीखालील प्रदेशाला हे नाव असे. पुण्याच्या तालुक्यालाही ते त्यातूनच मिळाले. जबलपूरकडे मात्र हा शब्द दप्तरातून निघून शेतात उतरला. येथे हवेली म्हणजे गव्हाची काळी जमीन आणि ती पिकविण्याची एक रीतही.

दक्षिणेस नर्मदा, वायव्येस भांडेरचे डोंगर, आणि पूर्वेकडील कुंडमच्या उंच भागातून निघून पाटणच्या सपाटीत वळसे घेत नर्मदेला मिळणारी हिरन नदी, अशी या भूमीची रचना आहे. काबर आणि मुंड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या मातीत पावसाळ्यात पाऊल टाकणे कठीण. तेव्हा नांगरणीचा हट्ट सोडून शेतकऱ्याने पावसालाच शेतात कोंडले. शेताभोवती मातीचे रुंद बांध घालावयाचे, त्यांवर बाभळी वाढू द्यावयाच्या आणि आषाढापासून पाणी आत साठू द्यावयाचे. भाद्रपदात सारा मुलूख तळ्यांचा होऊन जाई. साचल्या पाण्याखाली तण कुजे. मध्य भारतातील शेतकऱ्याचा हाडवैरी असलेले खोल मुळांचे कास गवतही पाण्यापुढे हार खाई. आश्विनात बांधाचे तोंड उघडून पाणी सोडले की वाफशावर गहू, किंवा गहू-हरभऱ्याचा मिश्र ‘बिर्रा’, पेरीत. मग विहीर नको, मोट नको. जिरलेल्या ओलीवर पीक निघे. भंडाऱ्याकडील कोहळ्यांनी तलाव बांधून त्याखाली धान पिकविले, येथील लोकांनी शेतालाच तलाव केले. 1956 पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्या एकाच प्रांतातील ही दोन उत्तरे होत.

तथापि या रीतीत केवळ माती आणि पाणी नव्हते. वरच्या शेतकऱ्याने पाणी सोडले की ते खालच्याच्या शेतात उतरणार. त्याची पेरणी झालेली असली तर नासाडी ठरलेली. म्हणून कोणी केव्हा तोंड उघडावे याचा क्रम गावाला पाळावाच लागे. तो पाळविण्याचे बळ मालगुजाराकडे होते, कारण सलग मोठी शेतेही त्याचीच. बांध घालणे हे पैशाचे आणि धीराचे काम आहे. पुढील वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस ते अंगावर घेत नाही. 1781 मध्ये पेशव्यांच्या सागर येथील प्रतिनिधींनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रज आले. मराठी अमलातील इजाऱ्यांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी फार कडवट लिहिले आहे. आधीच्या राजवटीला काळे फासण्यात त्यांचा स्वार्थ होता हे खरे. पण त्यामुळे ते इजारे सौम्य ठरत नाहीत. 1860 नंतरच्या जमाबंदीत मालगुजार मालक झाले आणि 1870 मध्ये जबलपुरास मुंबई व कलकत्त्याचे लोहमार्ग जोडले गेले. हवेलीचा गहू तेव्हापासून समुद्रापार जाऊ लागला.

या समृद्धीची दुसरी बाजू कुंडमच्या डोंगरात आहे. ज्यांच्या पूर्वजांचे येथे राज्य होते त्या गोंडांच्या वाट्याला उथळ, खडकाळ जमीन आणि कोदो-कुटकी आली. त्या राजघराण्यातील शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले गेले, हे इतिहासात नोंदले आहे. त्यांच्या प्रजेची नोंद एका शब्दात उरली आहे: ‘चैतुआ’. चैत्रात गहू कापण्यासाठी बायकामुलांसह डोंगर उतरून हवेलीत येणारा मजूर तो चैतुआ. कापणीची मजुरी तो धान्यात घेई आणि ते धान्य डोक्यावरून घरी नेई.

हवेलीची ओल एका दुष्काळास पुरे, लागोपाठच्या संकटांस नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रथम हिवाळी पावसाने गव्हावर तांबेरा पडला, मग 1896 मध्ये पाऊसच मागे फिरला. जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 7 लाख 48 हजार होती. 1901 मध्ये ती 6 लाख 80 हजारांवर आली.

मालगुजारी 1951 मध्ये संपली. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र पाण्याचा क्रम पाळविणारे दुसरे कोणी तिच्या जागी आले नाही. वाटण्यांनी शेते लहान झाली. खरिपात जमीन पाण्याखाली ठेवणे लहान शेतकऱ्यास परवडेना. सोयाबीन आले, मागोमाग कूपनलिका आणि धान. 1990 मध्ये नर्मदेवरील बरगी धरण पूर्ण झाले. त्याने मंडला, शिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतील 162 गावांना झळ पोचविली आणि खालच्या सपाटीला कालवे दिले. आता पाटण-शहापुऱ्याकडून हिवाळ्यात हिरव्या वाटाण्याचे ट्रक दूरदूरच्या बाजारांकडे निघतात. पुष्कळ ठिकाणी जुने बांध नांगराखाली गेले आहेत. काही उरले आहेत, त्यांवर बाभळी आहेत. चैत्रात गव्हाच्या शेतातून हार्वेस्टर फिरतो आणि कुंडमचा मजूर काम शोधत शहराकडे वळतो.