उष्माघात प्रतिबंध, मुंबई उपनगर
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी उपनगरांत अतिउष्म्यापासून लोकांचे आरोग्य जपण्याचे उपाय. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७° से. किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५° से. जास्त असल्यास उष्णतेची लाट मानतात. उपनगरांसाठी सांताक्रूझ वेधशाळेची नोंद प्रमाण आहे. दमट हवेत घाम लवकर वाळत नसल्याने शरीर निवत नाही. पत्र्याच्या घरांत उकाडा अधिक जाणवतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. दुपारी मेळावे व श्रमाची कामे टाळणे, सावली, पाणपोया आणि वृद्ध, बालके व मजुरांची विचारपूस हे मुख्य उपाय होत. उष्माघाताने बेशुद्ध झालेल्या रुग्णास पाणी पाजू नये. सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.